विंगेतून पाहिलेली साखर

झाडीपट्टीत नाटकाची रात्र म्हणजे पुरी रात्र. दहा-साडेदहाला नांदी होते आणि शेवटचा पडदा पडतो तेव्हा गावात कोंबडा आरवून गेलेला असतो. दिवाळी सरली की होळीपर्यंत वडशाच्या कंपन्यांच्या गाड्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावोगाव फिरतात. दिवसा कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायचं आणि अशा रात्री विंगेत वही धरून प्रॉम्प्टिंग करायचं, यात माझी कित्येक वर्षं गेली. आमच्याकडे तालमी थोड्या आणि प्रयोग फार, त्यामुळे प्रॉम्प्टरवाचून नाटक उभं राहत नाही. एका गावात तिसरा अंक ऐन भरात असताना लाइन गेली. गॅसबत्त्या पेटल्या, मंचावर उजेड आला. पण नेमके तेव्हाच माझ्या टॉर्चचे सेल बसले. वहीतलं अक्षर दिसेना. नायक आईच्या प्रेतापाशी गुडघे टेकून बसलेला. मी गप्प, म्हणून तोही गप्प. पाऊण मिनिट तसंच गेलं. मग पुढच्या रांगेतल्या बायांनी डोळ्यांना पदर लावला आणि मांडवभर टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी गावात एकच चर्चा, पोरानं काय काम केलं! दोन सेल संपले होते, हे फक्त विंगेत ठाऊक होतं.

शरीरातलं साखरेचं नाटकही विंगेतूनच चालतं. समोरून दिसणारी गोष्ट दहावीच्या पुस्तकामुळे सगळ्यांना पाठ आहे. साखर आणि प्राणवायू आत, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी बाहेर. मध्ये ग्लुकोज-विघटन, मग तंतुकणिकेतलं क्रेब चक्र आणि शेवटी हाती अडतीस एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन. ती गोष्ट मी परत सांगत नाही. शिकवताना जे फळ्यावर फारसं आलं नाही आणि आमच्या जंगलातल्या अंगणांत जे रोज घडतं, ते सांगायचं आहे.

किण्वनाचं प्रात्यक्षिक आमच्याकडे दरवर्षी यीस्टपाशी अडायचं. कपाटातलं पाकीट जुनं, आणि ताजं आणायचं तर जिल्ह्याच्या गावाला जावं लागे. एका वर्षी कोरचीकडचा एक मुलगा घरून वाळलेल्या मोहफुलांची पिशवी घेऊन आला. म्हणाला, "सर, याले काहीच लागत नाही जी. नुसतं पान्यात टाका." मोहाचं फूल झाडावरून तोडत नाहीत, ते आपणहून गळतं. चैत्रात पहाटे झाडाखाली फिकट पिवळ्या, रसाळ मण्यांचा सडा पडलेला असतो. त्याआधीच बायांनी तिथला पालापाचोळा झाडून जागा लख्ख केलेली असते. टोपल्या भरून फुलं घरी येतात, अंगणात पसरली की चार दिवसांत मनुक्यासारखी तपकिरी होतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते, आणि तिला फसफसवणारं यीस्ट फुलाच्या अंगावरच बसून आलेलं असतं. आम्ही फुलं कोमट पाण्यात टाकली, चंबूला बूच लावलं आणि नळी चुन्याच्या निवळीत सोडली.

सकाळी निवळी दुधासारखी पांढरी झाली होती. बूच मात्र उडून कोपऱ्यात पडलं होतं, आणि वऱ्हांडाभर मोहाच्या सडव्याचा वास. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी. प्राचार्य घाम पुसत आले, आणि त्याच घटकेला निवडणुकीच्या बंदोबस्तासाठी खोल्या बघायला आलेले हवालदार वासाच्या मागावर थेट प्रयोगशाळेत शिरले. सगळा वर्ग श्वास रोखून उभा. हवालदारांनी चंबू बघितला, निवळी बघितली, बुडबुडे बराच वेळ बघितले. मग म्हणाले, "सर, इतकी वर्षं जंगलात सडव्याचे मडके फोडून रायलो. पण हे बुडबुडे कायचे असतात, ते कोनी सांगितलंच नाही जी." त्या तासाला ते शेवटच्या बाकावर बसले आणि घंटा झाल्यावरच उठले.

मी त्यांना सांगितलं ते असं. प्राणवायू नसला की यीस्टला साखरेच्या एका रेणूतून फक्त दोन एटीपी मिळतात. बाकीची ऊर्जा ते दारूच्या रूपाने टाकून देतं. टाकलेल्यात किती शिल्लक असते, हे पहिल्या धारेला काडी लावून पाहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

या बुडबुड्यांमुळेच जीवरसायनशास्त्राचा जन्म झाला, आणि तो मुरंब्याच्या युक्तीतून झाला. म्युनिकमध्ये जंतुशास्त्रज्ञ हान्स बुखनर यांना औषधी उपयोगासाठी यीस्टचा रस हवा होता. धाकटा भाऊ एडुआर्ड रसायनशास्त्रज्ञ. वाळू घालून यीस्ट खलायचं, दाबयंत्रात पिळायचं, आणि रस निघाला की तो नासायचा. मग घरोघरी फळं टिकवायला करतात तोच उपाय झाला, रसात भरपूर साखर घातली. रस टिकायचा तो राहिला बाजूला, त्याला फेस आला. जिवंत पेशीशिवाय किण्वन होत नाही, हे पाश्चर यांचं मत तेव्हा जवळजवळ कायदा होतं. पाश्चर जाऊन दोनच वर्षं झाली होती. १८९७ मध्ये एडुआर्ड यांनी लिहून टाकलं की पेशी मेली तरी तिच्यातली विकरं साखर फोडत राहतात. १९०७ चं नोबेल त्यांना मिळालं. रस टिकवायला घातलेली साखर रसानेच खाल्ली नसती, तर हे कळायला आणखी किती वर्षं लागली असती कोण जाणे.

पुढे लंडनमध्ये हार्डन आणि यंग यांना दिसलं की हा रस थोड्या वेळाने मंदावतो, आणि त्यात उकळलेला, म्हणजे मेलेला रस ओतला की पुन्हा उसळतो. उकळूनही न मरणारं त्यात काय होतं? एक छोटा साहाय्यक रेणू आणि फॉस्फेट. साखर फुटण्याआधी तिला फॉस्फेट चिकटवावं लागतं, आणि त्यासाठी पेशी आधी स्वतःजवळचे दोन एटीपी खर्चते. मुलांना मी हे समजावत बसलो की मागच्या बाकावरून हमखास उत्तर यायचं, "सर, बियाणं." कणगीतलं धान बियाण्याला काढल्याशिवाय रोवणी होत नाही, हे धानपट्टीतल्या पोराला शिकवावं लागत नाही.

मंडईच्या जत्रेच्या दिवसांत शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, असतो. बैलजोडी सुटते आणि काही सेकंदांत टोकाला पोचते. एका पोरीने विचारलेला प्रश्न मी विसरलेलो नाही. बैल धावताना फारसे धापत नाहीत, थांबल्यावर का धापतात? याच प्रश्नाने एक नोबेल मिळवून दिलं आणि पुढे त्याच नोबेलाला हादराही दिला. स्नायू लॅक्टिक आम्लाच्या जोरावर आखडतो, हा हिल आणि मायरहॉफ यांच्या कामातून निघालेला सिद्धांत होता. दोघांना १९२२ चं नोबेल मिळालं. १९३० मध्ये डेन्मार्कच्या लुंड्सगार्ड यांनी दुसऱ्याच कामासाठी प्राण्यांना आयोडोअॅसिटिक आम्ल टोचलं. त्यांचे स्नायू आखडले, ताठ झाले, पण त्यात लॅक्टिक आम्लाचा मागमूस नव्हता. आम्लाशिवाय स्नायू चालला कसा? तो चालला होता फॉस्फोक्रिएटिनवर. हाताशी ठेवलेली ही शिल्लक पहिल्या काही सेकंदांतच उडते. उधारी फेडायची म्हणून बैल नंतर धापा टाकतो. हिल यांनी ते मान्य केलं, आणि स्नायुशास्त्रात क्रांती झाली असं १९३२ मध्ये स्वतः लिहिलं. आपला पाया ढासळल्याची बातमी इतक्या मोकळेपणाने देणारा माणूस मला नोबेलपेक्षा मोठा वाटतो.

हे फॉस्फोक्रिएटिन १९२७ मध्ये ओळखलं ते हार्वर्डमधल्या फिस्क आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी. सुब्बारावांचं नाव मी वर्गात इंग्रजी वळणाने उच्चारलं, तेव्हा सिरोंच्याचा एक मुलगा उभा राहिला. सिरोंच्यात घरोघरी तेलुगू. "सर, तसं नाही. सुब्बाराव. ते आमच्या भाषेतले." मग त्या मुलासाठी मी सगळी हकीकत शोधून काढली. भीमावरमला जन्मलेला सुब्बाराव मॅट्रिकला दोनदा नापास झाला. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात गांधीजींच्या हाकेवरून खादीचा डगला घालून शस्त्रक्रियेला उभा राहिला, प्राध्यापकांची मर्जी गेली आणि पूर्ण पदवी हुकली. बोस्टनमध्ये पोट भरायला त्याने इस्पितळात रुग्णांची मलमूत्राची भांडी धुतली. फॉस्फरस मोजण्याची त्याची आणि फिस्क यांची १९२५ ची पद्धत अजूनही प्रयोगशाळांत वापरली जाते. १९२९ मध्ये या दोघांनी एटीपी वेगळं केलं. पण जर्मनीत मायरहॉफ यांच्याच प्रयोगशाळेतल्या कार्ल लोमान यांचा निबंध दोनेक महिने आधी छापून आला होता. हार्वर्डने सुब्बारावांना कायमची जागा दिली नाही. त्यांनी वेगळे केलेले काही पदार्थ पुढे दुसऱ्यांना नव्याने शोधावे लागले, कारण फिस्क यांनी बहुधा मत्सरापोटी ते बाहेर येऊ दिले नाहीत, असं त्यांचे सहकारी आणि नंतरचे नोबेल विजेते जॉर्ज हिचिंग्ज यांनी नमूद केलं आहे. आमच्या हातातल्या पुस्तकात सुब्बारावांचं नाव नव्हतं. सिरोंच्याच्या मुलाने ते एटीपीच्या आकृतीखाली समासात तेलुगू अक्षरांत लिहून ठेवलं. त्या वर्षापासून मीही फळ्यावर लिहू लागलो.

क्रेब यांची गोष्ट थोडक्यात. हिटलरच्या राजवटीने नोकरीवरून काढलेले हे डॉक्टर इंग्लंडात शेफील्डला स्थिरावले आणि कबुतराच्या छातीच्या स्नायूचा लगदा करून त्यांनी ते चक्र जुळवलं. हंगेरीचे सेंट-ज्योर्जी तोच स्नायू घेऊन जवळजवळ अर्ध्या वाटेपर्यंत पोचले होते. वाट वळून पुन्हा सुरुवातीला येते, एवढंच त्यांना दिसलं नाही. जून १९३७ मध्ये क्रेब यांनी 'नेचर'कडे पत्र पाठवलं. संपादकांचं उत्तर आलं की सात-आठ आठवडे पुरतील इतकी पत्रं आधीच पडून आहेत. शेवटी ते हॉलंडमधल्या एका लहान नियतकालिकात छापलं गेलं. सोळा वर्षांनी त्याच कामाला नोबेल मिळालं.

आता अडतीसचा हिशेब. माझ्या एका हुशार विद्यार्थिनीने परीक्षेत 'तीस ते बत्तीस एटीपी' असं लिहिलं. तपासणाऱ्याने लाल शाईने अडतीस लिहून गुण कापले. पोर रडत आली. तिचंच बरोबर होतं, आणि का ते समजायला आमच्या मामा तलावाच्या, म्हणजे माजी मालगुजारी तलावाच्या, पाळीवर जावं लागतं. साखर जाळून निघालेली ऊर्जा एटीपीपर्यंत पोचवणारा कुठला तरी मधला रसायन-दलाल असणारच, असं समजून जगातले मोठमोठे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं तो दलाल शोधत होते. १९६१ मध्ये पीटर मिचेल यांनी सांगितलं की असा दलाल नाहीच. तंतुकणिकेच्या पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन साठवले जातात, तलावात पाणी साठवावं तसे, आणि ते तुडुमातून, म्हणजे पाणी सोडायच्या दारातून, सुटले की त्या धारेवर एटीपीचं चाक फिरतं. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. पोटाच्या अल्सरने त्यांना विद्यापीठाची नोकरी सोडावी लागली. कॉर्नवॉलमधला एक पडका वाडा त्यांनी दुरुस्त केला आणि तिथेच प्रयोगशाळा थाटली. १९७८ चं नोबेल त्या वाड्यात आलं. चाक खरोखर फिरतं का, हे १९९७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्याला चमकणारा धागा बांधून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. तलावातून कालव्यात सुटलेलं सगळं पाणी शेतापर्यंत पोचत नाही, थोडं पाझरतंच. प्रोटॉनांचंही तसंच, आणि पूर्णांकांत मांडलेला अडतीसचा जुना हिशेब तिथे खाली येतो. त्या पोरीला गुण परत मिळाले नाहीत. मी मात्र तेव्हापासून वर्गात दोन्ही आकडे शिकवले, एक परीक्षेचा आणि एक खरा.

पाझर काही वेळा मुद्दाम ठेवलेला असतो. नुकत्या जन्मलेल्या बाळाला थंडीने कुडकुडता येत नाही. त्याच्या मानेजवळ आणि दोन खांद्यांच्या मध्ये तपकिरी चरबी असते. तिथल्या तंतुकणिकांत चाकाला वळसा घालून जाणारी एक वेगळी वाट असते. प्रोटॉन तिथून सुटतात, एटीपी होत नाही, नुसती ऊब निघते. दिवस न भरता जन्मलेल्या बाळाजवळ ही चरबी कमी असते, म्हणून ते झपाट्याने गार पडतं. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि बाळाला उबदार पिशवीत ठेवणं हे त्या घरी जाऊन करू लागल्या. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या, ती योजना यातूनच आली. तंतुकणिकेतलं जे काम बाळाला जमत नव्हतं, ते एका शिवलेल्या पिशवीने केलं.

आता लाल पेशी. सगळ्या शरीराला प्राणवायू पोचवणाऱ्या या पेशीजवळ स्वतःची एकही तंतुकणिका नसते. पोस्टमनने आयुष्यभर गावाच्या मनीऑर्डरी वाटाव्यात आणि त्यातला रुपया स्वतःला लावू नये, तशी ती प्राणवायूला हात लावत नाही. साखरेच्या रेणूमागे दोन एटीपी, यीस्टसारखेच, एवढ्यावर ती सुमारे १२० दिवस जगते. आणि मलेरियाचा परजीवी राहायला येतो तो नेमका या गरिबाच्या घरात. आल्यावर तो साखर अशी ओढतो की त्या पेशीचा खप शंभर पटींपर्यंत जातो.

भामरागडच्या बाजूला आमचं राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर होतं. रात्री एका मुलाला थंडी वाजून ताप भरला. गावातल्या आशाताई कंदील आणि किटची पिशवी घेऊन आल्या. बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब पट्टीच्या छोट्या खाचेत सोडला, दुसऱ्या खाचेत द्रावणाचे थेंब टाकले आणि मोबाइलवर वेळ लावली. रक्ताची लाली पट्टीवरून हळूहळू सरकत गेली आणि मागे पांढरं रान मोकळं झालं. आधी पट्टी ठीक असल्याची कंट्रोल रेषा उमटली. मग खाली आणखी एक, फिकट जांभळी, कुणी नखाने ओढावी तशी. "व्हायवॅक्स हाये," ताई म्हणाल्या आणि गोळ्या मोजायला बसल्या. मी त्या रेषेकडे बघत राहिलो. व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरम या मलेरियाच्या दोन जाती ओळखणाऱ्या बहुतेक दुहेरी किटांत व्हायवॅक्सची रेषा परजीवीच्या एलडीएच या विकरामुळे उमटते, आणि एलडीएच हे साखर फोडण्याच्या वाटेवरचं शेवटचं विकर. माणसाचं एलडीएच आणि परजीवीचं एलडीएच दिसायला भावासारखी. पण मायकेल मॅकलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ च्या सुमारास दाखवलं की एक विशिष्ट रसायन परजीवीचं विकर झपाट्याने हाताळतं आणि माणसाचं अगदी संथपणे. एवढ्याशा फरकावर पुढे तपासणी उभी राहिली. चोर पकडला गेला तो त्याच्या चुलीच्या धुरावरून.

फाल्सिपेरमची रेषा मात्र बहुधा दुसऱ्याच प्रथिनाची असते, आणि तिने एका घराला चांगलंच घाबरवलं. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचा उपचार पुरा झाला, ताप गेला, पोर खेळू लागली. तीन आठवड्यांनी साधी सर्दी झाली म्हणून पुन्हा पट्टी केली तर रेषा तशीच. आई म्हणाली, औषध लागूच पडलं नाही, आता पुजाऱ्याकडे नेते. त्या प्रथिनाचा अंश परजीवी मेल्यावरही काही आठवडे रक्तात राहतो. एलडीएच तसं नाही; चूल विझली की त्याचा धूर काही दिवसांत ओसरतो. काचपट्टीवर रक्त तपासलं, एकही परजीवी नव्हता. पोर आधीच बरी झालेली होती, आजारी होती ती नुसती रेषा.

सगळ्यात मोठा घात मात्र साखरेचाच असतो. १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, त्या काळात आणि नंतरही मेंदूचा मलेरिया झालेली माणसं खाटेवर घालून, नाले ओलांडून दवाखान्यात आणली जात. तेव्हा मुख्य औषध क्विनीन. १९८३ मध्ये थायलंडमध्ये काम करणाऱ्या डॉ. निकोलस व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा काही रुग्णांच्या रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. परजीवी ती खातो, उपाशी पोटामुळे ती भरून निघत नाही, आणि क्विनीन शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावून ती आणखी उतरवतं. मेंदूच्या पेशीला साखरेचा साठा करता येत नाही. रुग्ण बेशुद्ध आहे तो मलेरियाने, असं सगळे धरून चालतात. आणि काही वेळा शिरेतून ग्लुकोज दिलं की तो डोळे उघडतो. आता गंभीर मलेरियाला आधी आर्टेसुनेट देतात, पण परजीवीची आणि उपासाची भूक तशीच आहे. म्हणून बेशुद्ध रुग्णाच्या बोटाला मलेरियासाठी सुई टोचली की त्याच रक्तात साखरही बघितलीच पाहिजे.

शेवटचा किस्सा लाल पेशीतल्या आडवाटेचा. साखरेची एक लहान फाटी ऊर्जेकडे न जाता पेशीला गंजण्यापासून वाचवायला जाते. तिच्या तोंडाशी असलेलं विकर म्हणजे जी-सिक्स-पीडी. प्रायमाक्विन या मलेरियाच्या औषधाने काही माणसांचं रक्त का फुटतं, हे अमेरिकेत स्टेटव्हिलच्या तुरुंगातल्या कैद्यांवर तपासलं गेलं. ज्यांच्या अंगावर हे शास्त्र उभं राहिलं त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत, याची मला खंत वाटते. दोष शरीरात की पेशीत, हे ठरवायला एकाच्या खुणा केलेल्या लाल पेशी दुसऱ्या धडधाकट माणसात घातल्या. पेशी तिथेही फुटल्या. १९५६ मध्ये उत्तर मिळालं की ते एकच विकर कमी पडत होतं. आपल्या मध्य भारतातल्या आदिवासी समाजांत ही कमतरता आढळते, आणि ती असलेल्या पेशीत मलेरियाला नीट नांदता येत नाही म्हणून ती टिकून राहिली आहे. जी कमतरता मलेरियापासून राखते, तीच मलेरियाच्या औषधाने उघडी पडते. सिकलसेल या लाल पेशीच्याच दुसऱ्या विकाराचं नाव आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत झालं, ते फार मोठं काम झालं. जी-सिक्स-पीडीचं नाव तितकंच गावोगाव पोचायला हवं.

म्हणून जंगलातल्या आणि जंगलाबाहेरच्याही वाचकांना हात जोडून सांगतो. थंडी-ताप आला की त्याच दिवशी आशाताईकडून रक्त तपासून घ्या. किट त्यांच्याजवळ असतं आणि तपासणीला पैसे लागत नाहीत. व्हायवॅक्स निघाला तर प्रायमाक्विनच्या चौदा दिवसांच्या गोळ्या चौदाही दिवस घ्या, ताप तिसऱ्या दिवशी गेला तरी. गोळ्या सुरू असताना लघवी काळ्या चहासारखी झाली, तर गोळी थांबवून तडक दवाखाना गाठा. आणि तापाचा माणूस बरळायला लागला किंवा हाकेला ओ देईनासा झाला, तर तोंडात काही न घालता त्याला न्या, आणि पोचल्याबरोबर पहिल्यांदा एवढंच विचारा: याची साखर बघितली का?